सगळ्या दांड्या भरलेल्या

लोकांच्या घरचं वायफाय दुरुस्त करून करून माझा जीव आंबून गेलाय. दिवसभर परक्यांच्या कपाटांमागे हात घालायचे, आणि संध्याकाळी नातेवाइकांची फुकटची कामं आहेतच. पण त्या दिवशी भाऊजींच्या दुकानात गेले ती भाचीला उत्तर द्यायचं होतं म्हणून.

ताईचं डावं अंग गेलंय. आवाज इतका बारीक झालाय की शेजारच्या खोलीतही पोचत नाही. भाऊजींचं खुर्च्या-सोफ्यांना गाद्या बसवायचं दुकान रस्त्यापलीकडे. ते बंद ठेवलं तर खायचं काय, म्हणून मी ताईच्या खाटेसमोर कॅमेरा लावून दिला होता आणि दुकानात त्याचं चित्र दाखवणारा पडदा. काही लागलं की ताईने उजव्या हाताने पिवळा रुमाल वर करायचा आणि भाऊजींनी हातातलं काम टाकून यायचं, असं ठरलं होतं. बरं चाललं होतं. मग मागच्या आठवड्यात ताई एकटीच बाथरूमला जायला निघाली आणि पडली. कपाळाला टाके पडले.

भाची फोनवर म्हणाली, "मावशी, मी आईला सेवागृहात ठेवते. तिथे कायम माणूस असतं. तो कॅमेरा भरवशाचा आहे की नाही, तेवढं बघून सांग. आणि खरं सांग हं."

आता आली का पंचाईत. ताईला तिथे जायचं नव्हतं, आणि खोटं बोलायची माझी तयारी नव्हती.

"मी बघतच होतो ग," मी दुकानात शिरताच भाऊजी म्हणाले. बारीक खिळे तोंडात धरून बोलायची त्यांना सवय आहे. "झोपलेली होती शांत. किती तरी वेळ. मी म्हटलं, झोपू दे. आणि सिग्नलचं म्हणशील तर बघ, सगळ्या दांड्या भरलेल्या."

दांड्या भरलेल्या होत्या खऱ्या. दुकानाच्या दारावर हातभर लांबीचा अँटेना होता. तो मी लावलेला नव्हता. मी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले तर देश भलताच निवडलेला. सिग्नलची पॉवर शेवटच्या टोकाला.

"हे काय केलंत?"

"मधे चित्र अडखळत होतं. फोमवाला म्हणाला, आपल्याकडे पॉवरला मर्यादा आहे, यादीतून हा देश निवडला की जास्त मिळते. तुला कशाला त्रास द्यायचा, म्हणून मीच केलं."

मला त्रास द्यायचा नव्हता म्हणे. डोक्यात तिडीक गेली. अर्धं गाव हेच करतं. स्वतः बसायचं इथे आणि राउटरचा डबा पाठवायचा परदेशी. अँटेना मोठा लावला की पॉवर उतरवायची असते, मर्यादा दोघांची मिळून असते. पण ऐकतो कोण? एकाने वाढवली की शेजारचा वाढवतो, आणि मग कुणालाच धड काही मिळत नाही.

"भाऊजी, आवाज वाढला तो तुमचा. कॅमेऱ्याचा नाही. तो बिचारा होता तेवढ्याच आवाजात बोलतोय. मी ताईच्या खिडकीत छोटा डबा बसवला होता ना, कॅमेऱ्याचं ऐकून इकडे पोचवायला? तुमचा डबा इतका ओरडायला लागला की कॅमेऱ्याने जवळचा सोडला आणि हा लांबचा धरला. त्याला तुमचं सगळं ऐकू येतं. तुम्हाला त्याचं काहीच येत नाही. मग पडद्यावर आधीचं चित्र तसंच राहतं."

 भाऊजींनी एकेक खिळा तोंडातून काढून डबीत टाकला.

"म्हणजे मी जुनी झोप बघत बसलो होतो."

"हो."

"तिच्यासाठीच केलं ग, धाकटे."

"माहितीये मला." भांडायच्या तयारीत होते, पण त्यांचा चेहरा बघून मला नुसतं रडू येत होतं.

अँटेना उतरवला, जुना छोटा लावला. देश आपला केला. पॉवर मर्यादेच्याही बरीच खाली आणली, तेव्हा कुठे कॅमेऱ्याने पुन्हा खिडकीतल्या डब्याचा हात धरला. चित्राच्या कोपऱ्यात सेकंदाचं घड्याळ आणलं. "हे थांबलं की उठायचं," म्हटलं. "दांड्यांकडे बघायचं नाही." त्यांनी मान हलवली.

मग रस्ता ओलांडून ताईकडे गेले. ती उशीला टेकून बसली होती. रुमाल उशाखाली घडी घालून ठेवलेला.

"ताई, रुमाल वर कर बघू."

"कशाला उगाच," ती म्हणाली. तोंडाशी कान न्यावा लागतो तिच्या. "त्यांचं काम मोडतं."

"त्या दिवशी केला होतास?"

"केला होता की. हात भरून आला. मला वाटलं, गिऱ्हाईक असेल." तिने उशाखालचा रुमाल चाचपला. "मग वाटलं, कंटाळले असतील. माणूस आहे, कंटाळणारच."

 तिला सगळं समजावून सांगितलं, डबा, देश, पॉवर. तिने ऐकून घेतलं, पण पटल्यासारखं दिसेना. मीच रुमाल काढून तिच्या हातात दिला. तिने तो जेमतेम छातीपर्यंत उचलला.

पलीकडे हातोडीचा ठोका थांबला. भाऊजी रस्ता ओलांडून आले, गुडघे धरत पायऱ्या चढले. अंगभर फोमचा भुसा, तोंडात खिळे तसेच.

"काय हवंय?"

"काही नाही," ताई म्हणाली. "जा."

ते गेले. हातोडी सुरू झाली. ताईने माझ्याकडे न बघता रुमाल पुन्हा उचलला, या वेळी डोक्याच्या वर. भाऊजी पुन्हा आले, धापा टाकत. "काय ग?" ती पुन्हा म्हणाली, "काही नाही." भाऊजी चिडले नाहीत. परत गेले.

तिसऱ्यांदा रुमाल वर गेला तेव्हा मी भाचीला फोन लावला होता. "सांग ना मावशी, भरवशाचं आहे का?" ती विचारत होती. मी म्हटलं, "थांब जरा. तुझे बाबा पायऱ्या चढतायत."