सेलदाच्या पाठीमागं झारीभर पाणी

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. वेहबी मास्तरांकडे बैल नव्हता, एकुलती एक मुलगी होती, आणि ती दुपारच्या जहाजानं तुर्कस्तानातल्या चेश्मे बंदरातून इटलीला निघाली होती. मास्तर मात्र घरी बसून होते. का? तर आदल्या आठवड्यात भर जेवणात ते तिला म्हणाले होते, "गेलीस तर पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस!" जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पोरांकडून सगळ्या जगाच्या वाटा घोकून घेतल्या, आणि स्वतःची पोर त्यातल्या एका वाटेनं निघाली तर हा थयथयाट. तिला तिकडं जहाजं बांधण्याच्या कारखान्यात चांगली नोकरी लागली होती. दुसरा बाप असता तर गल्लीभर मिठाई वाटली असती.

सकाळी गाडीत बॅगा टाकून सेलदा दारात आली. "निघते, बाबा," एवढंच म्हणाली. मास्तरांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. वर्तमानपत्र कालचं होतं.

मास्तरांची बायको पेरिहान असती तर असं झालं नसतं. घरातलं कुणी लांब निघालं की ती किल्ल्याखालच्या जुन्या कारंज्यावर जायची, तांब्याची झारी भरून आणायची आणि गाडी हलली की तिच्या मागं रस्त्यावर पाणी ओतायची. "पाण्यासारखं जा, पाण्यासारखं परत या." घरच्या नळाचं पाणी तिला चालायचं नाही. मास्तर पायरीवर उभे राहून म्हणायचे, "ओत, ओत, तेवढीच धूळ बसेल!" ती बिचारी हसायची आणि ओतायची. आता ती नव्हती, आणि झारी स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होती.

मास्तरांनी कॉफी प्यायली. झारीकडे पाठ करून बसले. मग तिच्याकडे तोंड करून बसले. पोर मागं पाण्याचा थेंब न पडता समुद्रापार चालली, आणि सोबत काय, तर बापाचं ते घाणेरडं वाक्य! शेवटी उठले आणि झारी कोटाखाली दडवली. कुणी हटकलंच तर सांगायचं, कारंजं बघायला चाललोय, ऐतिहासिक आहे. चेश्मे बंदरात जन्म काढलेला माणूस भर उन्हात कोट घालून कारंजं बघायला निघालाय! शाळेत एखाद्या पोरानं अशी थाप मारली असती तर मास्तरांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

कारंजं आपलं नावाला. उडत-बिडत काही नाही. संगमरवरी भिंत, पितळी तोटी, खाली दगडी कुंडी आणि करंगळीएवढी धार. मास्तरांनी तिष्ठत झारी भरली. भरल्यावर सरळ निघायचं की नाही? पण नाही. खिशातून रुमाल काढून, तिथंच उभं राहून झारी पुसत बसले. हात दाखवून अवलक्षण! कारंज्यापाशी भरली झारी घेऊन म्हातारा उभा दिसला, की या गावात त्याचा अर्थ एकच. कुणा मेलेल्या माणसाच्या नावानं तो पाणी पाजतोय.

"अगंबाई, काय हे ऊन! घाला हो काका," एका जाडजूड बाईनं ओंजळ पुढं केली. "कुणाच्या नावानं?"

मास्तर नाही म्हणणार होते. पण तहानलेल्याला पाणी नाही म्हणणं त्यांच्यासारख्या आगाऊ माणसालाही जमेना. "बायकोच्या," ते पुटपुटले. "पेरिहान."

"पेरिहानबाईंना स्वर्ग मिळो. आणि काका, तुम्ही पाण्यासारखे सगळ्यांना हवेसे व्हा!"

हवेसे! घरातल्या एकुलत्या एका माणसाला आपण सकाळी कालचं वर्तमानपत्र दाखवलं, मास्तरांच्या मनात आलं. तोवर मागं रांग लागली होती.

"अहो, शेजारी तोटी आहे की!" मास्तर कळवळून म्हणाले.

"तोटीचं नुसतं पाणी. झारीचं पुण्य," एक आजोबा म्हणाले आणि घटाघटा प्यायले. "पेरिहानबाईंना शांती लाभो."

जो पीत होता तो तिचं नाव घेत होता. किती दिवसांत मास्तरांनी ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तेवढ्यात धक्क्यावरून जहाजाचा भोंगा वाजला.

झारीत ठणठणाट! पुन्हा तोटीखाली धरली, तर धार आपल्या लयीत, करंगळीएवढीच. अर्धीमुर्धी भरताच मास्तर पळत सुटले. धक्क्यावर दोरखंडात पाय अडकला आणि पाणी सांडलं, तेही नेमकं विजारीवर, नेमकं नको तिथं.

फाटक बंद झालं होतं. जहाज धक्का सोडून निघालं होतं. कडेला सित्की कोळी आपल्या सोबत्यांबरोबर जाळं विणत बसला होता; मास्तरांचाच जुना विद्यार्थी.

"मास्तर, कुठून आलात असे?"

"कारंजं बघायला गेलो होतो."

सित्कीनं विजारीकडे पाहिलं. "बघितलंत, का आत उतरलात?"

जहाजाच्या वरच्या कठड्याशी सेलदाच्या डोक्यावरचा नेहमीचा पिवळा रुमाल दिसत होता. मास्तर धक्क्याच्या टोकाला गेले, झारी उपडी केली आणि उरलंसुरलं पाणी जहाजाच्या मागं समुद्रात ओतलं.

"समुद्राला कमी पडलं होतं वाटतं!" सित्की म्हणाला. सगळे खो खो हसले. मास्तरांनाही हसू आलं, कारण बोलणं खरंच होतं.

खिशात फोन वाजला.

"बाबा, समुद्रात पाणी ओतणारा तो वेडा म्हातारा तुम्हीच ना?"

"मीच. दुसरा कोण असणार?"

"आईची झारी?"

"हं."

मागं इंजिनाची घरघर चालली होती. मग सेलदा हळूच म्हणाली, "ओतताना म्हणायचं असतं, ते म्हणालात?"

नव्हते म्हणाले. जाळ्यावरचे सगळे हात थांबले होते.

"पाण्यासारखी जा," मास्तर म्हणाले.

"आणि?"

"आणि पाण्यासारखी परत ये. आपल्या घरी ये, पोरी. माझ्या जिभेला हाड नाही."

"आमीन," सित्की म्हणाला. या वेळी हसला नाही.

"येते, बाबा," सेलदा म्हणाली.