चाळीस किलो आणि आठ मजले

मी एक जुनी सॅक आहे, मित्रांनो. शाळेची नव्हे, शिकारीची. सिंगापूरच्या तुआस भागातल्या एका आठ मजली कारखान्यात, चाचणी विभागाच्या लोखंडी कपाटात मी तीन वर्षे पडून आहे. माझा डावा खांदापट्टा उसवलेला आहे आणि तो कोणी शिवत नाही. का, ते सांगते.

सिंगापुरात कोणी शिकारीला जात नाही. मी स्वतः हरीण कधी पाहिलेले नाही. पण दूरच्या थंड डोंगरांत परवाना घेऊन शिकार करणारी माणसे असतात. जनावर पडले की त्याचे मांस पाठीवर लादून त्यांना गाडीपर्यंत चालत यावे लागते, कधी कधी अख्खा दिवस. त्यांच्यासाठी मी जन्मले. जाड कापड, अॅल्युमिनियमचा सांगाडा, रुंद कमरपट्टा, आणि मध्ये मांसाच्या पिशव्या ठेवायला जागा. माझा आराखडा अरुणा मॅडमचा. शिवणखोलीतून मी आले तेव्हा त्यांनी मला दोन बोटांवर उचलले.

"सुरेख. आणि किती हलकी!" त्या म्हणाल्या.

मी हरखून गेले. हलकी होण्यासाठी माझे काय काय कमी केले होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

मग मी प्रतापरावांच्या पाठीवर गेले. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा हा माणूस बुकित बातोकच्या फ्लॅटमधून रोज पहाटे निघायचा. त्यांचे काम एकच, सॅक पाठीवर घेऊन जिने चढणे. माझ्यात वाळूच्या पिशव्या भरल्या जायच्या, चाळीस किलो. खालून आठव्या मजल्यापर्यंत, पुन्हा खाली, पुन्हा वर. दिवसाला वीस फेऱ्या, असे तीन आठवडे. त्यांचा घाम माझ्या पाठीच्या जाळीत मुरला. गुडघा वाजायचा तो मला ऐकू यायचा. पाचव्या मजल्यावर ते क्षणभर कठड्याला टेकायचे, आणि त्यांच्याबरोबर मीही थकायचे.

"कस्तुरी म्हणते, बाबा, एनफ लाह, पुरे आता," ते मुलीची नक्कल करून सांगायचे. "तिला काय सांगू? दुसरं काही येतंय कुठे मला?"

वाळूच्या परीक्षेत मी उत्तीर्ण झाले. माझे फोटो काढले गेले. माझ्यासारख्या दोन हजार सॅक शिवून तयार होत्या आणि शुक्रवारी जहाजावर चढायच्या होत्या.

बुधवारी प्रतापराव मॅडमच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या हातात होते.

"मॅडम, एकदा खरं मांस भरून बघू या."

"आता? वाळूनं सगळं झालंय ना, प्रतापराव?"

"वाळू भरली तशी बसून राहते. मांस राहत नाही. फलटणला आमचं मटणाचं दुकान होतं. लहानपणापासून बोकड खांद्यावर वाहिलाय मी. चालताना ते ओघळतं, एका बाजूला जातं. सगळा भार एकाच पट्ट्यावर येतो."

मॅडमनी डोळे चोळले. त्यांनाही आठवडाभर नीट झोप नव्हती. "बरं," त्या म्हणाल्या. "उद्या. पण एकच दिवस."

गुरुवारी हाडे काढलेले चाळीस किलो मटण आले. पहिल्या फेरीत ते अजून फ्रीजच्या थंडीने कडक होते, मला काही वाटले नाही. चौथ्या फेरीपर्यंत ते सुटले, मऊ पडले आणि माझ्या डाव्या कुशीत उतरले. माझ्या डाव्या पट्ट्याच्या मुळाशी एक टाका तुटला. मग दुसरा. मित्रांनो, मला ओरडता येत नाही. पण प्रतापरावांच्या खांद्याला ते कळले.

"मॅडम, डावीकडे काहीतरी सुटतंय. थांबू या?"

मॅडम घड्याळ घेऊन सहाव्या मजल्यावर उभ्या होत्या. "आणखी दोनच मजले, प्रतापराव. फेरी अर्धी राहिली तर नोंद धरता येणार नाही."

ते तसेच चढले. सातव्या मजल्याच्या वळणावर माझा पट्टा मुळापासून निघाला, सगळे वजन एका बाजूला झुकले आणि आम्ही दोघे नऊ पायऱ्या खाली आलो. त्यांचा उजवा गुडघा लोखंडी कडेवर आपटला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

मॅडम धावत आल्या. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या पायरीवर त्यांच्याशेजारी बसून होत्या. मला उलटे करून त्यांनी पट्ट्याचे मूळ पाहिले. तिथे टाक्यांच्या दोन ओळी हव्या होत्या. एकच होती.

"दुसरी ओळ मीच काढली होती," त्या हळूच म्हणाल्या. "वजन कमी करायला. आणि तुम्ही थांबू या म्हणालात तेव्हा..."

"डोंगरात एकटा कोणी असता तर, मॅडम?" प्रतापराव दात आवळून म्हणाले. "माल पाठवू नका."

माल गेला नाही. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी सुचवले, की चढणाऱ्याचा पाय घसरला असे लिहून टाका. मॅडमनी अहवालात आपली चूक आपल्या नावासकट लिहिली, आणि थांबू या म्हटल्यावरही आपण थांबलो नाही हेही लिहिले. दोन हजार सॅक उसवून पुन्हा शिवल्या गेल्या. मॅडमची बढती त्या वर्षी हुकली. प्रतापरावांचा गुडघा बदलावा लागला. आता ते खाली शिवणखोलीत बसून टाके तपासतात. जिना चढत नाहीत.

मला मात्र तसेच ठेवले आहे. नवीन माणूस कामावर आला की मॅडम मला बाहेर काढतात, त्याचे बोट त्या फाटक्या जागी ठेवतात आणि सगळी हकीकत सांगतात. स्वतःचा भाग गाळत नाहीत. मग पुन्हा कपाट. कितीही धुतले तरी मटणाचा वास गेलेला नाही. खरे सांगू, आता मला हे सगळे नको झाले आहे. कोणीतरी शिवावे, नाहीतर टाकून द्यावे, असे वाटते.

पण तोवर एवढे ऐका. तुमच्यासाठी कोणी ओझे वाहत असेल, घरी, शाळेत, कुठेही, आणि तो म्हणाला "थांबू या", तर घड्याळाकडे पाहू नका. आधी ओझे उतरवून घ्या.