प्रेमाने उगारलेली तलवार

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. न बसला तरी चालेल, पण द्राक्षं तुडवणारे पाय थांबवू नका. वरच्या बुरुजाच्या पोन्सची ही हकिकत ज्याने ऐकली त्याने छातीवर क्रूस काढून सांगितलं, की असं घडणं शक्य नाही. आणि तरी ते घडलं.

पोन्सची ओढ्यावर पाणचक्की होती आणि तिच्या वरच्या दगडासारखा दगड पंचक्रोशीत नव्हता. एका सणाला सगळं गाव प्रार्थनेला गेलेलं असताना खालच्या बुरुजाच्या गिफ्रेने तो दगड बैलगाडीत घालून पळवला. पोन्स परत येऊन बघतो तर चक्की म्हातारीच्या बोळक्यासारखी उघडी. त्या दिवसापासून वरच्या गावात पाव बंद. उकडलेले गहू चावून चावून माणसांचे जबडे गाढवासारखे हलू लागले. पोन्सच्या दाढा तर केव्हाच पडलेल्या, तो बिचारा अख्खे दाणे गिळायचा आणि रात्रभर पोट धरून बसायचा.

त्याला लढाई हवी होती, तीही लगेच. पण त्या मुलखात हात शिवशिवले म्हणून लढाई काढता येत नसे. देवाचा तह होता. बुधवारी सूर्य मावळताना चर्चची घंटा वाजली, की सोमवारी उजाडेपर्यंत कोणी कोणावर वार करायचा नाही. केला तर चर्चचं दार बंद, आणि मेल्यावर पवित्र जमिनीत जागा नाही. उरलेल्या दिवसांसाठीसुद्धा पाद्रीबाबा मिरोंची परवानगी लागे. मिरोबाबा तर असे, की एका पापाची कबुली द्यायला गेलेला माणूस आणखी दोन आठवूनच बाहेर पडायचा.

बाबांनी विचारलं, हुकूम कोणाचा? पोन्स खेचर दामटत मुलखाच्या धन्याकडे, काउंटकडे गेला आणि हुकूम घेऊन आला. कारण काय? दगड. चोरलेलं परत घेणं न्यायाचं आहे, बाबांनी मान्य केलं. मग शेतं जाळणार का, बायकापोरांना, गुरांना, ऑलिव्हच्या झाडांना हात लावणार का, तेही विचारून झालं. पोन्सने सगळ्याला नाही म्हटलं आणि तो उठू लागला. तेवढ्यात बाबांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"गिफ्रे आठवला की मनात काय येतं रे, पोन्स?"

पोन्सला खोटं बोलता येत नसे. "सळईत ओवून भाजावा असं येतं, बाबा."

"मग नाही जाता येणार. न्यायाची लढाई द्वेषाने लढत नाहीत. चुकलेल्या पोराला बाप मारतो, तसं मारायचं. आधी त्याच्यावर प्रेम कर, मग तलवार उचल."

पोन्स डोकं धरून घरी आला. गिफ्रेवर प्रेम! त्याने डोळे मिटून प्रार्थना करून पाहिली. गिफ्रेचा चेहरा यायचा, पण पाठोपाठ दगडही यायचा. मन मोठं करून त्याने चीजची टोपली पाठवली. गिफ्रेने चीज खाऊन टोपली रिकामी परत पाठवली, आणि होता तो द्वेषही दुप्पट झाला.

त्याची बायको आदलेदा गव्हाचं पातेलं त्याच्यापुढे आदळत म्हणाली, "तुमचं प्रेम जुळेपर्यंत माझेही दात पडतील. माझ्यावर जुळायला एवढा वेळ नव्हता लागला."

"तुझ्या बापाने चक्की दिली होती," पोन्स म्हणाला. त्या दिवशी त्याला गहूसुद्धा मिळाले नाहीत.

शेवटी एकदा खेचराला पाणी पाजताना त्याला आठवलं. लहानपणी तो नदीत वाहून चालला होता, तेव्हा याच गिफ्रेने त्याला केस धरून बाहेर ओढलं होतं, आणि वर आपला जोडा वाहून गेला म्हणून काठावर त्याच्या मुस्काटात ठेवून दिली होती. पोन्सला हसू फुटलं. ते ओसरायच्या आत तो धावत मिरोबाबांकडे गेला आणि त्याने परवानगी पदरात पाडून घेतली. बाबांनी एवढंच म्हटलं, की शेवटचं एकदा तोंडाने मागून बघ. त्याने मागितलं. धमक असेल तर घेऊन जा, असा गिफ्रेचा निरोप आला.

बुधवारी नदीच्या उथळ उतारावर दोन्ही गावं समोरासमोर आली. पाद्री दोघांना मिळून एकच. त्यामुळे सगळ्यांची पापं ऐकून, सगळ्यांना आशीर्वाद देऊन होईपर्यंत ऊन कललं. मग कुठे लढाई जुंपली. दोघंचौघं पाण्यात पडले, एकाची ढाल फुटली. पोन्सने गिफ्रेच्या टाळक्यावर तलवार उगारली, गिफ्रेने पोन्सच्या टाळक्यावर गदा उगारली, आणि घंटा वाजली.

बाकीचे शस्त्रं टाकून बाजूला झाले. हे दोघं मात्र अडकले. शस्त्र खाली आणताना समोरच्याला नुसता ओरखडा उठला, तरी तो तह मोडणारा वार. मागे सरकावं तर पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. आणि उगारलेल्या शस्त्राला हात लावणारा लढाईत सामील धरला जाई, म्हणून सोडवायलाही कोणी धजेना.

"तू आधी काढ," पोन्स म्हणाला.

"तुझी जड आहे, तू काढ."

असे ते रात्रभर उभे. सकाळी दोघांच्या बायका आल्या. गिफ्रेच्या किशिलोने टोपलीभर पाव आणला होता. हे दोघे हात वर करून उभे, मग भरवणं आलंच. इतक्या दिवसांनी मऊ पाव तोंडात पडला आणि पोन्सच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे माझ्या दगडाचं पीठ," तो म्हणाला.

"हो, तुझ्याच. आमचा तडकला," गिफ्रे म्हणाला. "कोठारात गहू आणि घरात पोरं उपाशी."

"मग मागायचास."

"ज्याला केस धरून नदीतून काढला, त्याच्या दारात हात पसरू?"

पोन्सने उत्तर द्यायला तोंड उघडलं. किशिलोने त्याच्या तोंडात आणखी एक घास कोंबला. खरी बोलणी मग बायकांनीच केली. दगड परत जाईल, आणि खालच्या गावाचं दळण वरच्या चक्कीवर होईल, रांगेत उभं न करता. शनिवारी बैलगाडी चढ चढून गेली आणि आदलेदा केसांवर पीठ घेऊनच सांगायला आली, की चक्की फिरते आहे.

सोमवारी उजाडलं, तह संपला, दोघं वार करायला मोकळे झाले. तेवढ्यात मिरोबाबा धापा टाकत आले. "दगड मिळाला, म्हणजे कारण संपलं. आता जो मारेल तो खुनी."

मारायचं होतं कोणाला? गिफ्रेने गदा हळूच बाजूला टाकली. पोन्सचा हात मात्र वरच.

"उतरव आता," बाबा म्हणाले.

"कसा उतरवू, बाबा? गुरुवारी चिमणीने माझ्या मनगटावर घरटं बांधलं. आता चार पिल्लं चोची वासून बसली आहेत. निरपराधांना धक्का लावायचा नाही, असं तुम्हीच सांगता ना?"

मिरोबाबांनी टाचा उंचावून पाहिलं, पिल्लांनाही आशीर्वाद दिला, आणि मग पोन्स हात तसाच वर धरून—

"थांबा," द्राक्षांच्या हौदातून गोष्ट ऐकणारी एलिआर्दा म्हणाली आणि तिने तुडवणारे पाय थांबवले. "गुरुवारी घरटं आणि सोमवारी पिल्लं? आमची कोंबडी तीन आठवडे बसते, आजोबा. धादांत खोटं आहे हे."