गाभण बोका

"मांजर गाभण हाय," चूल सारवता सारवता रंजूनं जाहीर केलं. "एक पिल्लू माह्या बहिणीले देईन."

जाळं सांधत बसलेला तिचा नवरा देवानंद हसून हसून मागे कलंडला. "अवो, थो बोका हाय!"

रंजूही हसली. कारधा गावात तिचं हसू पार नदीवर ऐकू जायचं. पण घरात मासळी नेहमीइतकीच येत होती, मग बोका एवढा फुगला कशानं, हे काही तिच्या डोक्यातून जाईना.

घरात नवं माणूस एकच होतं, देवानंदची भाची उर्वशी. दिवाळीत छातीत कळ येऊन तिची आई गेली, तेव्हापासून पोरगी मामाकडे राहून भंडाऱ्याला कॉलेजात जात होती. सगळ्यांसाठी हौसेनं रांधायची, आग्रह करकरून वाढायची आणि स्वतःचं ताट घेऊन मागच्या पडवीत बसायची. "दुःखातली पोर हाय, जेवू दे एकटीले," देवानंद म्हणायचा. रंजूलाही ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं दाराआडून पाहिलं. उर्वशी भाताचा गोळा करून बोक्यापुढे ठेवत होती आणि बोका पंगतीला बसल्यासारखा निवांत जेवत होता.

मग रंजूला एकेक दिसायला लागलं. एप्रिलच्या उन्हात अंगात स्वेटर. फणीत केसांचे पुंजके. पार कोपराकडे सरकणाऱ्या बांगड्या. "कॉलेजात खाल्लं, मामी," हे तर रोजचंच. हे नुसतं दुःख नव्हतं.

"मी रागावतो तिले," देवानंद म्हणाला.

"तुमच्या ओरडण्यानं मासळी पळते, पोरगी का जेवणार?"

रंजू पडवीत जाऊन उर्वशीजवळ बसली. "मी तुले जेव म्हणत नाही. पण जेवाचं भेव काहून वाटते, तेवढं सांग."

उर्वशीनं स्वेटरची बाही खाली ओढून घेतली. मग म्हणाली, "आईच्या तेरवीले एक बाई म्हणे, अंगानं भारी होती म्हणून गेली, पोरगीबी तशीच हाय. घास उचलला का तेच ऐकू येते, मामी. पहिले मीच कमी केलं. आता खावं म्हटलं तरी खाऊन होत नाही."

"त्या बाईले वैनगंगेत बुचकळून काढतो मी!" रंजू उसळली. उर्वशीला हसू फुटलं आणि त्यातूनच रडू आलं. रंजूनं तिला कुशीत घेतलं, तर हाताला नुसती हाडं लागली. "तुयी आई पंगतीत पुन्हा पुन्हा वडे मागाची," ती म्हणाली, "अन् वरातीत सगळ्यांत पहिले नाचाची. ते आठव."

मग दोघी पूल ओलांडून भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. हा खरोखरचा आजार असतो, त्या म्हणाल्या, वेळेवर आणलंत. रक्त तपासलं, मनाच्या डॉक्टरकडेही पाठवलं. रंजूला त्यांनी बजावलं, "बळजबरी नको. घास मोजू नका. तिच्या अंगाबद्दल कोणी बोलायचं नाही."

हे शेवटचं रंजूनं फारच मनावर घेतलं. शेजारची बेबीबाई चहा पिता पिता "किती वाळली वं पोरगी!" म्हणाली, तसा रंजूनं तिच्या हातातला कपच काढून घेतला.

घडी लगेच बसली नाही. कधी उर्वशी सगळ्यांसोबत नीट जेवायची, तर कधी ताट तसंच सरकवून उठायची. रंजू फक्त शेजारी बसून राहायची.

पाऊस लागून धानाची रोवणी सुरू झाली, त्या सुमारास एका संध्याकाळी रंजूनं झिंग्यांचा रस्सा केला. उर्वशीनं भातावर रस्सा घेतला, घास खाल्ला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कमी हाय, मामी."

"माह्या हातचं मीठ आजवर कमी नाही पडलं!" रंजू कडाडली आणि मिठाचा डबा आणायला अक्षरशः धावली.