गाऊन लावलेलं लग्न

अमृत वायदंडे कवठे महांकाळच्या ख्रिस्ती मंडळीत पाळक म्हणून आले, त्याला बरीच वर्षं झाली होती. माणूस बोलण्यात वस्ताद. कुणाच्या घरी मयत झाली, कुणाचं पोर नापास झालं, कुणाला दवाखान्यात ठेवलं, की पाळकसाहेबांची स्कूटर दारात उभी. ते थोडा वेळ बोलून उठले की रडणारं माणूसही चहा ठेवायला उठायचं. लोक म्हणायचे, "साहेबांच्या जिभेवर देवाचा हात हाय." त्यांनाही मनातून ते पटायचं.

एका बुधवारी मंडळीतल्या म्हाताऱ्या सुलाबाईच्या घरी प्रार्थनासभा चालू असताना ते बोलता बोलता थांबले. पुढचा शब्द येईना. उजवा हात मांडीवरून घसरला, तोंड वाकडं झालं. मंडळींनी गाडीत घालून मिरजेच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, हळूहळू ते चालायलाही लागले; पण वाचा गेली ती गेलीच. समोरच्याचं सगळं कळायचं, डोक्यात वाक्यं तयार असायची, आणि तोंडातून फक्त "व्हय" बाहेर पडायचं. जेवणार का? व्हय. दुखतंय का? व्हय. नको म्हणायचं असलं तरी व्हयच.

मग धीर द्यायला माणसं येऊ लागली. "देव परीक्षा बघतुया, साहेब." "तुमीच सांगत हुता न्हवं, त्यो करतुया ते बऱ्यासाठीच." खाटेवर बसून अमृतराव आपलीच वाक्यं ऐकत होते. सगळी खरी होती, पण एकही आत उतरत नव्हतं. माणसं गेली की ते भिंतीकडं तोंड करून देवाशी भांडायचे, तेही मनातल्या मनात. तुझं काम करायला माझ्याकडं एकच हत्यार होतं, तेच काढून घेतलंस. त्यांची बायको संयोगिता शेजारी बसून मोठ्यानं प्रार्थना करायची. शेवटच्या 'आमेन'ला त्यांचे ओठ हलायचे नाहीत.

सुलाबाई मात्र धीराचं काही बोलायची नाही. दुपारी भुईमुगाच्या शेंगा घेऊन यायची आणि उंबऱ्याशी फोडत बसायची. फोडता फोडता उपासनेतलं एखादं जुनं गाणं गुणगुणायची. एके दिवशी गाण्याची पुढची ओळ तिला आठवेना. ती थांबली, आणि खाटेवरून ती ओळ आली. सुरात, एक-एक शब्द स्वच्छ.

सुलाबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली. संयोगिता स्वयंपाकघरातून धावत आली. "परत म्हणा, अहो, परत एकदा म्हणा."

अमृतरावांनी तोंड उघडलं. "व्हय."

"आवं बाई, त्यास्नी बोलाया लावू नगा," सुलाबाई म्हणाली. "मी गाते. मागनं यिऊ द्यात."

तिनं गाणं पहिल्यापासून धरलं. दोन शब्द मागं राहून अमृतराव शेवटपर्यंत आले. डोळे वाहत होते, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

मिरजेला वाचेचे उपचार करणारी फिरदोस नावाची मुलगी होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोलण्याची वाट अडलीय, गाण्याची उघडी आहे. रोजचं बोलणं आता त्या वाटेनं आणायचं." डाव्या हातानं टेबलावर ठेका धरायचा आणि शब्द चालीवर सोडायचे. पहिल्यांदा 'पाणी' हा शब्द आला, मग 'चहा'. "संयोगिता, मीठ जास्त झालंय," हे त्यांनी भजनाच्या चालीवर म्हटलं, तेव्हा ती पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ हसत राहिली. देवाशी चाललेलं भांडणही आता ते गाऊनच करू लागले, आणि गाता गाता ते भांडण कधी संपलं ते त्यांना कळलंही नाही.

त्या दिवसांत एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. आपला विश्वास आपल्या बोलण्यात आहे, असं ते धरून चालले होते. बोलणं गेल्यावर तळाशी जे उरलं, ती सुलाबाईसारख्या बायकांबरोबर रविवारी रविवारी गायलेली गाणी होती. ती त्यांची कमाई नव्हती. मंडळीनं ती त्यांच्यात साठवून ठेवली होती.

पुढं सुलाबाईच्या नातीचं, अंकिताचं लग्न ठरलं. नवरा मुलगा औंधचा शिवतेज, फौजेत असलेला. त्याचे वडील दादासो सुभेदार म्हणून रिटायर झालेले, स्पष्ट बोलणारे. बैठकीत ते म्हणाले, "पाळक सांगलीचा आणू. ज्याला बोलता येत न्हाई, त्यो नवरा-नवरीला लग्नाची वचनं कशी सांगणार? लग्नात हसं नको."

अमृतराव तिथंच बसले होते. अंकिता पुढं आली. "मामा, माझा बाप्तिस्मा ह्यांनीच केलाय. लग्नबी हेच लावतील. त्यांना यळ लागला तर लागू दे, आमी उभं ऱ्हाऊ."

सगळ्यांनी अमृतरावांकडं पाहिलं. आता त्यांना 'नको' म्हणता येत होतं, आणि क्षणभर तेच म्हणावंसं वाटलं. मग त्यांनी डाव्या हातानं गुडघ्यावर ठेका धरला आणि गायले, "मी ला-वी-न."

लग्नाच्या दिवशी प्रार्थनामंदिर गच्च भरलं होतं. अमृतरावांनी वचनं सुलाबाईच्या त्या गाण्याच्या चालीवर बसवली होती. सुरुवात छान झाली. सुखात, दुखण्यात, असं म्हणत ते पुढं गेले आणि 'मरेपर्यंत' या शब्दापाशी अडले. ठेका चुकला, हात थांबला. दादासोंनी मान खाली घातली.

तेव्हा बायकांच्या बाजूनं सुलाबाईनं नुसती चाल गुणगुणायला सुरुवात केली. शेजारणीनं ती धरली, मग पुरुषांनी, मग पेटीवाल्यानं. सगळं मंदिर तोंड मिटून गुणगुणत होतं. अमृतरावांचा हात पुन्हा हलला, आणि तो शब्द आला, खणखणीत. पुढचे त्याच्या मागोमाग आले.

शिवतेजनं परेडच्या आवाजात वचन म्हणायला घेतलं, आणि दुसऱ्याच ओळीला तोही नकळत चालीवर आला. अंकितानं तर सरळ गाऊनच म्हटलं. शेवटी अमृतरावांनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले आणि ते पती-पत्नी झाल्याचं इतक्या चढ्या सुरात जाहीर केलं की बाहेर मांडवातली माणसं दाराशी गोळा झाली.

जेवणं चालू असताना दादासो त्यांच्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "साहेब, मी लय लग्नं बघितली. पर वचनं आज ऐकली. धाकट्याचं औंधला करायचं हाय पुढच्या साली. तुमीच लावायचं."

अमृतरावांनी हातातला लाडू ताटात ठेवला, ताटाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला आणि भर पंगतीत गायले, "गाडी तेवढी पाठवा."