दगडाबाईंच्या नावावरची जीप

बालमित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि माझ्याखाली येऊन एक माणूस मेला आहे. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर माझ्या फुटक्या काचा आणि चेपलेलं तोंड बघून तुम्ही उगाच माझी कीव कराल.

मांडवगण फराट्यात मला पहिल्यांदा आणलं तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. दगडाबाईंनी माझ्या बॉनेटवर हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि आळीभर पेढे वाटले. त्यांचे मालक तेव्हा हयात होते. त्यांनी मला कधी दामटलं नाही. शिरूरच्या बाजाराला मी जायचे, लग्नाचं वऱ्हाड न्यायचे. एकदा तर अडलेल्या बाळंतिणीला मी वेळेत दौंडला पोचवलं. "ह्या गाडीचा पायगुण लई चांगला हाय," असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचे. खोटं कशाला बोलू, स्तुती मला आवडते.

मालक वारले आणि मी त्यांच्या मुलाच्या, सत्यजीतच्या ताब्यात आले. हा सहा फुटी गडी. हात सढळ, पण डोकं भडक. कुणी पुढे गेलं की ह्याच्या कपाळाची शीर उडायची. एका ट्रॅक्टरवाल्याने वाट दिली नाही म्हणून त्याने मला भर रस्त्यात आडवी घातली, त्या माणसाला खाली ओढलं आणि तोंड फुटेपर्यंत मारलं. मी तिथेच फुरफुरत उभी होते. मला सत्यजीतची चीड यायची, पण जीपच्या चिडण्याला कोण विचारतो?

पुढे तो दारू पिऊन चालवताना सापडला आणि त्याचं लायसन निलंबित झालं. पठ्ठ्या पंधरा दिवसांत पुन्हा माझ्यात बसला आणि पुन्हा सापडला. शिरूरच्या कोर्टाने त्याला दोषी ठरवलं, दंड केला. लायसनची बंदीही वाढली. नेमका त्याच महिन्यात माझा विमा संपत आला होता. विम्याचं काम बघणारे शंकरराव अंगणात आले आणि त्यांनी माझ्याच बॉनेटवर फॉर्म पसरला.

"दादा, चालवणाऱ्याचं लायसन कवा निलंबित झालंय का, शिक्षा झालीय का, आसं इचारलंय हितं. खरं लिवलं तर कंपनी हप्ता वाढवंल, न्हाईतर नगंच म्हणंल."

"मग काय करायचं?"

"गाडी आईच्या नावावर करा. ड्रायव्हर म्हणून नागसेनचं नाव टाकू. त्याचं लायसन स्वच्छ हाय."

नागसेन गावातलाच. बुटका, अबोल, टेम्पोवर हात बसलेला माणूस. पगारी ड्रायव्हरची नोकरी मिळाली म्हणून त्याने खुशीने लायसनची झेरॉक्स दिली. दगडाबाईंनी दाखवलं तिथे सही केली. सगळे चहा प्याले. फॉर्मवर नागसेन माझा ड्रायव्हर झाला. सुरुवातीला खरोखरच तो चालवायचा. चालवायचाही छान, खड्डा आला की आधी मला विचारल्यासारखा हळू व्हायचा.

एका दुपारी मात्र सत्यजीत एकटाच चावी फिरवत बाहेर आला. कासुर्डीला पाहुण्यांकडे साखरपुडा होता. बसताच त्याने सीट पार मागे सरकवली आणि मला हाणत सुटला. कासुर्डीच्या अलीकडे एक दूधवाला मोटरसायकलवर, दोन्ही बाजूंना किटल्या लावून चालला होता. त्याचं नाव बन्सी. ते मला नंतर कळलं. रस्ता अरुंद, बाजूला पाण्याची चारी. तो बाजूला होणार तरी कुठे? सत्यजीतने कर्कश हॉर्न वाजवला. बन्सीने मागे वळून हात वर केला, "थांब की जरा" अशा अर्थाने. एवढं पुरलं. "मला हात करतो व्हय!" असं ओरडून सत्यजीतने माझ्या ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. त्याला नुसतं घाबरवायचं होतं. पण माझं वजन त्याला माहीत नव्हतं का?

मी बन्सीला मागून धडक दिली. किटल्या उडाल्या. तो माझ्या तोंडाखाली आला. मोटरसायकलसकट मी त्याला फरपटत नेलं आणि बाभळीवर जाऊन आदळले. त्याची हाडं मोडली ती मला कळली. ते मी अजून विसरलेले नाही. दूध आणि रक्त एकाच ओघळाने चारीत चाललं होतं.

सत्यजीत दार उघडून उसात पळाला. माणसं धावत आली. त्यांना ड्रायव्हर मिळाला नाही, मी मिळाले. दगडांनी काचा फोडल्या, पहारीने दारं चेपली. एका बाईने खोऱ्याने माझे दिवे फोडले. मला दुखलं, पण त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी नागसेनने पोलिसांत जबाब दिला, की गाडी मी चालवत होतो. आदल्या संध्याकाळी सत्यजीत त्याच्या घरी गेला होता. नागसेनची बायको सीमा हिच्यासमोर त्याने त्याला पट्ट्याने बडवून हा जबाब पाठ करून घेतला होता. बन्सी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला.

पोलिसांची तपासणी झाली आणि मला ओढून हायवेकडच्या एका गॅरेजात आणून टाकलं. विमा कंपनीच्या सर्व्हेयर करिश्मा मॅडम येणार म्हणून सत्यजीत आणि नागसेन आधीच आले होते. सत्यजीतला आता सीट पुढे घ्यायची होती. पण धडकेत तिच्या खालची पट्टी वाकली होती. त्याने लाथा घातल्या, लोखंडी टॉमीने ठोकलं. सीट इंचभर हलली नाही.

"दादा," नागसेन म्हणाला, "बन्सी गेला. आता ह्ये माज्या गळ्यात मारू नगा. मी जेलात गेलो तर सीमा आन् पोरं काय खातील?"

सत्यजीतने हातातली टॉमी तशीच त्याच्या पंजावर हाणली. बोटं फुटली. नागसेन ओरडला आणि माझ्या चाकाशी खाली बसला.

तेवढ्यात मॅडम आल्या. मालकीणबाई म्हणून बोलावलेल्या दगडाबाई रिक्षातून उतरल्या. मॅडमनी फोटो काढले, माझ्यात डोकावल्या आणि नागसेनला म्हणाल्या, "जरा बसून दाखवा."

तो बसला. क्लचपासून त्याचा पाय वीतभर दूर राहिला.

"असे चालवत होतात?"

सत्यजीत डोळे वटारून उभा होता. नागसेनच्या हातातून रक्त माझ्या पायपुसणीवर टपकत होतं.

"न्हाई मॅडम," तो म्हणाला. "मी गाडीत न्हवतोच. ह्यांनी मारून माझ्याकडनं वदवलं."

सत्यजीत त्याचा गळा धरायला धावला. गॅरेजवाल्यांनी त्याला मागून आवळला. तो त्यांच्या तावडीतही लाथा झाडत होता. तेव्हा दगडाबाई पुढे आल्या आणि त्यांनी आपल्या सहा फुटी लेकाच्या थोबाडीत मारली.

"आन् मॅडम, माझंबी लिवा," त्या म्हणाल्या. "चावी म्या दिली. कोर्टातनं आल्यापास्नं पदराला बांधून ठिवली हुती. त्यानं दमदाटी केली न्हाई. गळ्यात हात टाकून म्हणला, आई, येवढ्या डाव दे. आन् म्या सोडून दिली."

"आजी, विचार करा," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "बन्सीच्या घरच्यांना कोर्ट भरपाई देईल. पण चालवणाऱ्याला लायसन नव्हतं असं ठरलं, तर कंपनी ती तुमच्याकडून वसूल करेल. गाडी तुमच्या नावावर आहे."

"व्हय. माझ्याच नावावर हाय. लिवा."

नागसेनवरचा खटला रद्द झाला. तो आता दौंडला टेम्पो चालवतो. त्याची दोन बोटं वळत नाहीत. सत्यजीत कोठडीत आहे. भरपाईच्या निकालाआधीच दगडाबाईंनी नदीकाठचं रान विकायला काढलं. त्या बन्सीच्या घरी गेल्या होत्या. त्याच्या बायकोने, धुरपदाने, दार उघडलं नाही. दगडाबाई दिवसभर उंबऱ्याबाहेर बसल्या आणि परत आल्या.

मी इथे गंजत पडले आहे. माझी दुरुस्ती करायला कुणी पैसे देणार नाही, आणि तेच बरं. मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. ज्याचं लायसन काढून घेतलंय अशा माणसाला चावी देऊ नका. तो दादा असो, काका असो, तुमचे वडील असोत. दरडावून मागितली तर देऊ नकाच, पण लाडाने मागितली तरी देऊ नका. चावी घेऊन पळा, रडा, मार खा, पण देऊ नका. बन्सीला दोन मुली आहेत, तुमच्याच वयाच्या.