दहा खांब आणि अडीचशे कार्डं

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या कट्ट्यांवरही माणसं चढून बसली होती. मधल्या टेबलावर तांब्याचा एक खांब उभा होता, कमरेइतका उंच, घासूनपुसून लख्ख केलेला, आणि लोक रांगेनं येऊन त्याला हात लावून जात होते. एका आजोबांनी दोनदा रांग लावली. पहिल्या खेपेला नीट लागला नाही म्हणे.

खांबामागे खांबगुरू उभा होता. पांढरे शुभ्र कपडे, खिशाला तीन पेनं आणि आवाज असा की माइकची गरज नसतानाही माइक हातात.

"जमिनीच्या पोटात अपघाताच्या लहरी असतात," तो सांगत होता. "चौकात लहरीला लहर भिडली की चालकाची नजर क्षणभर बधिर होते. झाला अपघात! माझा खांब ती लहर पितो. चारी दिशांना तीनशे पावलांपर्यंत पितो."

"आणि तीनशे एकाव्या पावलावर?" मागून कोणीतरी विचारलं.

"तिथं दुसरा खांब लागतो," खांबगुरू म्हणाला. त्या दिवशी तो बोलला त्यातलं एवढंच हिशेबाला धरून होतं.

मग त्यानं फळ्यावरचं कापड ओढलं. शहरातले सर्वांत वाईट दहा चौक. गेल्या वर्षी तिथं साठ अपघात झाले होते. यंदा खांब बसवल्यावर एकोणतीस. सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. "आकडे माझे नाहीत," हात उंचावून तो म्हणाला, "तुमच्याच वाहतूक कचेरीचे आहेत!"

ते मात्र खरं होतं. आकडे वाहतूक कचेरीतल्या कार्डवालीचे होते आणि ती तिसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर धरून बसली होती.

प्रत्येक अपघाताचं एक कार्ड लिहायचं, हे तिचं काम. तारीख, चौक, वाहन, वय. बावीस वर्षं ती हेच करत होती. दीड वर्षापूर्वी शाळेजवळच्या कोपऱ्यावर तिची नऊ वर्षांची मुलगी गाडीखाली गेली, तेव्हा तेराव्या दिवशी कामावर येऊन तिनं तेही कार्ड लिहिलं होतं. बाकीच्यांचं अक्षर वाचता येत नाही, असं तिनं कारण दिलं. त्यानंतर तिला रडू आलं नाही, राग आला नाही, भूक लागली की जेवायची, झोप आली की झोपायची. शेजारणी म्हणायच्या, बाई दगडाची आहे. तिलाही ते पटायचं.

तिचा नवरा शिंपी. मुलगी गेल्यावर सात महिने त्यानं दुकानाचं शटर वर केलं नव्हतं. मग खांबगुरू आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "त्या कोपऱ्यावर खांब असता, तर पोर आज शाळेत असती." दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं. तेव्हापासून तो दर रविवारी दहाही खांब चिंच लावून घासायचा. आज तो व्यासपीठावर होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एकच मागणं आहे," तो म्हणाला. "सगळ्या शहरात शंभर खांब बसवा. दुसऱ्या कोणाच्या घरी आमच्यासारखं होऊ नये."

लोक हळहळले. नगरपालिकेच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांच्यापुढे कागद दोनच होते. एक शंभर खांबांचा. दुसरा रस्ते इंजिनीअरचा: शाळांजवळच्या वीस कोपऱ्यांवर गतिरोधक आणि उंच पादचारी पट्टे, सोबत इतर शहरांत झालेल्या पाहण्यांचा अहवाल, पानं चाळीस. गतिरोधक बसवले तिथं आणि नाही बसवले तिथंही किती वर्षं मोजलं, सगळं त्यात होतं. तो कोणी उघडला नव्हता. निधी एकाच कामापुरता होता.

"तर मग खांबांच्या बाजूनं..." अध्यक्षबाईंनी सुरुवात केली.

"मला बोलायचंय," कार्डवाली उभी राहिली.

नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, ही आपल्याला साथ द्यायला उठली. त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड आला, तो तिनं पाहिला आणि तिला काहीही वाटलं नाही. निदान तेव्हा तिची तशीच समजूत झाली.

"पुढच्या चार रांगांनी खिशातून एक नाणं काढा," ती म्हणाली. "तीनदा उडवा. छापा किती वेळा आला ते लक्षात ठेवा."

"बाई, ही सभा आहे, जत्रा नाही," कोणीतरी ओरडलं.

"खांबाला हात लावायला रांग लावलीत तेव्हा कोणी बोललं नाही," इंजिनीअर खाली मान घालून पुटपुटला.

नाणी उडाली. काही नाणी खुर्च्यांखाली गेली, ती शोधली. तिन्ही वेळा छापा आलेले सहा जण निघाले. तिनं त्यांना एका बाजूला उभं केलं.

"हे आपले वाईट चौक. एक छापा म्हणजे एक अपघात. सहा चौकांत अठरा. गुरुजी, यांच्यावर उपाय करा."

खांबगुरू क्षणभर घुटमळला, पण सगळं सभागृह बघत होतं, आणि शक्ती दाखवायची संधी सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, घशातून लांबलचक हुंकार काढला. सहाही जणांनी पुन्हा तीनदा नाणं उडवलं.

आठ छापे.

"अठराचे आठ!" खांबगुरू गरजला. "पाहिलंत? नुसत्या हातानं!"

टाळ्या वाजल्या. कार्डवालीनं त्या थांबेपर्यंत वाट पाहिली.

"आता पहिल्या खेपेला ज्यांना एकदाही छापा आला नाही, त्यांनी उठा."

पाच जण उठले.

"हे सर्वांत चांगले चौक. शून्य अपघात. यांना गुरुजींनी हात लावलेला नाही. उडवा."

सात छापे आले.

"शून्याचे सात झाले," ती म्हणाली. "यांना कोणाची नजर लागली?"

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. खांबगुरू म्हणाला, "नाण्यांची लहर वेगळी असते." पण या वेळी तो माइक शोधत होता.

"कुठल्याही एका वर्षातले सर्वांत वाईट दहा चौक निवडा," ती बोलत राहिली. कार्ड वाचून दाखवावं तसा तिचा आवाज सपाट होता. "त्यातल्या काहींचं ते वर्ष नुसतंच वाईट गेलेलं असतं. पुढच्या वर्षी आकडा उतरतोच, खांब लावा नाही तर काही लावू नका. गेल्या वर्षाच्याही आदल्या वर्षीचे वाईट दहा चौक मी काढले. अठ्ठावन्न होते, पुढल्या वर्षी तीस झाले. तिथं कोणी काही केलं नव्हतं. आणि अख्ख्या शहराचं बघा. गेल्या वर्षी दोनशे चौदा कार्डं. यंदा दोनशे तेरा."

ती अध्यक्षबाईंकडे वळली.

"चूक माझी आहे. गुरुजींनी वाईट चौकांची यादी मागितली, ती मीच दिली. जुनी कार्डं खालच्या कपाटात, सुतळीनं बांधून ठेवलेली असतात. गाठी सोडायचा कंटाळा केला. एकाच वर्षावरून यादी केली. उपायाआधी अनेक वर्षं बघायची असतात. आणि उपाय जिथं केला नाही, तिथं काय झालं तेही बघायचं असतं. हे काही मोठं ज्ञान नाही. जिवाचा प्रश्न असताना तेवढं विचारायला लाज वाटू नये, इतकंच."

"तुझ्या मुलीच्या वेळी खांब असता तर..." खांबगुरूनं शेवटचं हत्यार काढलं.

"तर खांबाच्या शेजारी मेली असती," ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी चाळीस पानी अहवाल ओढून घेतला आणि पहिलं पान उघडलं. सभा आणखी दोन तास चालली. खांबगुरू त्याआधीच निघून गेला, खांब मात्र विसरला. गतिरोधक मंजूर झाले. ते कुठं बसवायचे याची यादी करायचं काम कार्डवालीकडे आलं, या खेपेला दहा वर्षांची कार्डं बघून.

तिनं सुतळीच्या गाठी सोडल्या. बारा दिवस लागले.

घरी नवरा तिच्याशी बोलत नव्हता. दुकान तो उघडत होता, पण मशिनचा आवाज येत नव्हता. तेराव्या दिवशी ताटावर बसल्यावर त्यानं विचारलं, "आपला कोपरा कितवा?"

"एकतिसावा."

"वीसच होणार ना?"

"वीसच."

"यादी तूच केलीस."

"हो. दहा वर्षांत तिथं एकच कार्ड आहे."

त्यानं पाण्याचा पेला भरला. मग म्हणाला, "त्या वीस ठिकाणी... पोरं वाचतील?"

"इतर शहरांत वाचली. आपल्याकडे वर्षाला दोन-तीन वाचावीत."

"कोणाची?"

"ते कधीच कळणार नाही. त्यांच्या आईबापांनाही नाही. ती पोरं शाळेतून घरी येतील, दप्तर फेकतील, आई ओरडेल. बस."

आपली मुलगीही दप्तर असंच फेकायची, हे बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. दप्तराचा तो धप्प आवाज तिला दीड वर्षानं पहिल्यांदा आठवला. छातीत काहीतरी हललं, दुखलं. तिनं ताट बाजूला सरकवलं. नवरा उठून तिच्याजवळ येऊन बसला.

पुढचं वर्ष संपत आलं तसा छापखानेवाला नेहमीप्रमाणे कचेरीत आला. नव्या वर्षाची कार्डं किती छापायची, हे तो दरवर्षी विचारायचा. बाहेर शाळेसमोर डांबर नुकतंच वाळलं होतं आणि पट्ट्यांचा रंग ओला होता.

"आता गतिरोधक झाले," तो म्हणाला. "शंभर पुरतील, नाही का बाई?"

"अडीचशे छापा."

"म्हणजे तुमचाही विश्वास नाही?"

"विश्वासाचं काय घेऊन बसलात," कार्डवाली म्हणाली. "अडीचशे छापा. किती उरतात, ते वर्षाअखेर मोजू."